गेएनोची कॅल्व्हरी १५५० ची की १८५३ ची?

फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या गेएनो गावच्या दफनभूमीत ग्रॅनाइटची कोरीव कॅल्व्हरी आहे, म्हणजे क्रूसावरचा येशू आणि भोवती त्याच्या कथेतल्या मूर्ती असलेलं दगडी स्मारक. गाइड ती १५५० ची सांगतो, नेटवर १८५३ सापडतं, मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरं. पण '१८५३ म्हणजे नकली' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, म्हणून जरा लांबण लावतो.

घडवली १५५० मध्ये. १७९४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत फोडली गेली आणि जवळजवळ साठ वर्षं तशीच राहिली. मूर्तिकारांनी दुरुस्तीचे पैसे अवाच्या सवा सांगितले, तेव्हा तिथले धर्मगुरू जाको आणि त्यांचे सहायक यांनी १८५३ मध्ये स्वतःच छिन्नी हातात घेतली. सापडलं ते जुळवलं, नव्हतं ते घडवलं. नाकं मुरडणारे म्हणतात, चेहरे ठोकळेबाज, वस्त्रांच्या चुण्या जाड. अहो, दगड कोणता ते तर बघा! ग्रॅनाइटमध्ये गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे कण शेजारी शेजारी बसलेले असतात, प्रत्येकाचा कठीणपणा निराळा. पातळ कड काढायला गेलात की एक कण उडतो आणि त्याच्यासोबत नाकाचा शेंडा. म्हणून हात अंगालगत ठेवायचे, चुणी जाड सोडायची. कसलेला पाथरवटही हेच करतो.

पटत नसेल तर ब्रिटनीच्याच फिनिस्तेर भागातल्या त्रोनोएनला जा. तिथली कॅल्व्हरी पंधराव्या शतकातली, ब्रिटनीतल्या सात मोठ्या कॅल्व्हऱ्यांतली सर्वांत जुनी. बहुतेक मूर्ती भरड ग्रॅनाइटच्या, मोजकी दृश्यं केर्सांतों नावाच्या दगडाची. हा करडा-काळपट, बारीक कणांचा दगड ब्रेस्टच्या आखाताजवळचा. खाणीतून काढताना मऊ, मग हवेत कडक होत जातो. वारा तोच, खारी हवा तीच. तरी ग्रॅनाइटचे चेहरे झिजलेत आणि केर्सांतोंचे तुलनेने शाबूत. प्लुगास्तेलच्या कॅल्व्हरीतल्या (१६०२–१६०४) मूर्तींची टापटीपही याच दगडामुळे. या कॅल्व्हरीची १९४४ च्या लढाईत मोडतोड झाली, अमेरिकेतून आलेल्या पैशांनी ती दुरुस्त झाली. तिला नाही कुणी नकली म्हणत! क्रांतीत फुटलेली प्लुगोन्वेनची (१५५४) एकोणिसाव्या शतकात सांधलेली, तिलाही नाही. धर्मगुरूंनी हात घातला की मात्र हौशी काम.

जुना भाग कुठला हे बघायचं तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरपं ऊन हवं. आधी सांधे शोधा: मान, मनगट, क्रूसाचे हात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना कणांचा आकार वेगळा दिसला तर दगड वेगळ्या खाणीतला. एकसारखे बारीक खड्डे बूशहॅमरचे, म्हणजे दातेरी तोंडाच्या हातोड्याचे असतात, ते बहुधा एकोणिसाव्या शतकातलं काम. सांध्यातून तांबूस ओघळ आला असेल तर आत लोखंडी खीळ आहे. ती गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. कोरलेल्या सालावर विसंबू नका, दुरुस्तीवालेही साल कोरतात.

वसई-गोव्याच्या क्रुसांवरून अंदाज बांधू नका. जांभ्यावर चुन्याचा गिलावा असला की हाताची खूणच झाकली जाते.

आणि हो, दगडफुलाच्या थरावरून वय काढू नका. एकदा धुतलं की हिशेब पुन्हा शून्यापासून. खाली काय आहे ते बघायला तारेचा ब्रश तर मुळीच नको, दगडफुलासोबत दगडाचे कणही सुटून येतात.