अश्वत्थाम्याच्या बापाने फोन का लावला नाही?

अनेक आशीर्वाद.

अश्वत्थाम्याची गोष्ट आजच्या यावलमध्ये आणणारी तुझी एकांकिका वाचून काढली. आधी चांगलं सांगतो. अश्वत्थामा निवडलास, हे झकास केलंस. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हटली की कर्ण ठरलेला. कधी तो होस्टेलवर राहतो, कधी रिक्षा चालवतो, शेवटी चाक रुततं आणि निळा लाइट पडतो. परीक्षकांचं लक्ष तोवर चहाकडे गेलेलं असतं. कर्णावर प्रेम करणं सोपं आहे. झोपलेल्या पोरांना रात्री कापून काढणाऱ्यासाठी तासभर प्रेक्षक बसवून ठेवणं अवघड, आणि तू ते अंगावर घेतलंस.

आता खोड काढतो. 'द्रोणे सर' आणि 'अशू' ही नावं आजच खोडून टाक. नाव ऐकताच लोकांना शेवट कळतो आणि पुढचा सगळा वेळ ते तू काय काय जुळवलंस याचा ताळा करत बसतात. तुझे सर विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवतात, संस्थाचालक त्यांचा जुना वर्गमित्र आहे. एवढं पुरेसं आहे. ज्याला द्रुपद दिसायचा त्याला दिसेल.

पण मग पिठाचं पाणी का गाळलंस? आदिपर्वातली ती गोष्ट तुला ठाऊक आहे. दूध परवडत नाही म्हणून पोराला पाण्यात कालवलेलं पीठ दूध म्हणून पाजतात, तो ते पिऊन नाचतो आणि बाकीची पोरं हसतात. द्रोण त्यानंतर राजा झालेल्या जुन्या मित्राकडे, द्रुपदाकडे जातो आणि मैत्री बरोबरीच्यांत असते हे ऐकून परत येतो. पुढची अठरा अक्षौहिणी माणसं मेली त्याच्या मुळाशी हा एक पेला आहे. तुझ्या नाटकात हा मुलगा थेट कोयता घेऊन उगवतो. लहानपणी तो कशाला भुलला होता आणि कोण हसलं होतं, ते आधी दाखव. आजच्या काळातला तो पेला कोणता, हे मला विचारू नकोस. शिक्षकांच्या घरातली तू पोरगी, तुला माझ्याहून जास्त माहीत असेल.

सगळ्यात मोठी अडचण फोनची. तुझ्याकडे ग्रुपवर मेसेज येतो, 'सरांचा मुलगा गेला', आणि सर कोसळतात. जळगावच्या सभागृहात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडणारच, "फोन लावा ना भो!" आणि ते बरोबरच असेल. रेंज नव्हती, बॅटरी संपली होती, हे उपाय करू नकोस. ती पळवाट आहे, पोरांना ती लगेच कळते.

मुळात काय घडतं ते नीट बघ. भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि ओरडत सुटतो. द्रोणाचा त्याच्यावर विश्वास नाही. तो युधिष्ठिराला विचारतो, कारण तिन्ही लोकांच्या राज्यासाठीही हा माणूस खोटं बोलणार नाही अशी त्याची खात्री आहे. युधिष्ठिर 'हत्ती' हा शब्द हळूच उच्चारतो. जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ तिथेच खाली टेकतो. म्हणजे अफवेने द्रोण मेला नाही. ज्याच्या शब्दावर गाव चालतं अशा एका माणसाने अर्धं सांगितलं म्हणून मेला. आणि त्या अर्ध्या खोट्याला खरा मुडदा लागला, मग तो हत्तीचा का असेना.

तुझ्या नाटकात असा माणूसच नाही, त्याची जागा मोबाइलने घेतली आहे. तो आण. मुख्याध्यापक चालतील. हायवेवर अपघातात त्याच नावाचा दुसऱ्या गावचा मुलगा खरोखर गेलेला असू दे. सर विचारतील तेव्हा मुख्याध्यापकांनी नाव सांगावं, आडनाव गिळावं. आणि फोन? फोन वाजू दे. सर पोराला फोन लावतात. आदल्या दिवशी बापलेकांचं भांडण झालंय, पोरगा स्क्रीनवर 'बाबा' पाहतो आणि कट करतो. रात्रीच्या कत्तलीत जो राग आहे तो मग शत्रूवर निघतो खरा, पण निम्मा त्याचा स्वतःवरचा असतो. ते त्याला बोलून दाखवायला लावू नकोस.

आता ती रात्र. तू खून दाखवलेस, लाल प्रकाश, किंकाळ्या. आपल्या यावल-रावेरकडे माणूस न मारता वंश बुडवायची एक रीत आहे, आणि पेपरात ती बातमी अधूनमधून येते: अज्ञाताने केळीची खोडं कापून फेकली. त्याचा विचार कर. निसवलेली बाग, घड लोंबताहेत, कापणीला थोडे दिवस. ५ बाय ५ फुटांवर लागवड धरली तर एकरी १७०० च्या वर खोडं. केळीचं खोड मऊ, कोयत्याच्या एका घावात जातं, पण एकट्याने रात्रीत किती होणार? म्हणून सौप्तिकपर्वात, त्या रात्रीच्या कत्तलीत, छावणीच्या दाराशी कृप आणि कृतवर्मा उभे आहेत. तुझ्याकडेही बांधावर दोघं हवेत, आणि ते दोघं का आले हेही हवं.

एवढ्यावर तो थांबत नाही, ही खरी भयंकर गोष्ट. मूळ कथेत शेवटी दोघंही अस्त्र सोडतात, अर्जुन आपलं मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते येत नाही, तो ते पांडवांच्या सुनेच्या, उत्तरेच्या गर्भावर वळवतो. केळीच्या बुंध्याशी पील, म्हणजे नवा कोंब, असतं, त्यावर पुढची पीलबाग उभी राहते. तुझा मुलगा कापलेल्या खोडांच्या बुडाशी तणनाशक ओततो, असं दाखवलंस तर आपल्याकडचा शेतकरी खुर्चीत ताठ होईल. पुण्याच्या प्रेक्षकाला कळावं म्हणून पील म्हणजे काय, हे आधीच्या प्रवेशात सहज येऊन गेलं पाहिजे, घरातल्या बोलण्यात, शिकवणीच्या सुरात नाही. उत्तरेच्या पोटातला परीक्षित कृष्णाने वाचवला होता. तुझ्या बागेतलं एखादं पील वाचवायचं का, ते तू ठरव. माझ्या मते नको. ती सोय कृष्णाकडे होती.

हे रंगमंचावर करू नकोस, थर्माकोलची केळी बघवणार नाहीत. सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'त तिचं मरण प्रेक्षकांना दिसत नाही, दूत येऊन सांगतो. आपल्याकडेही धृष्टद्युम्नाचा सारथी त्या रात्रीतून वाचतो आणि युधिष्ठिराला जाऊन सांगतो. तुझ्याकडे सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आहे, त्याला तू फक्त कंदील धरायला ठेवलायस. पहाटे पाण्याची पाळी द्यायला गेलेला तोच. त्याला दीड पान दे. आणि मुलाच्या शर्टावर चीक असू दे. केळीच्या चिकाचा डाग किती धुतला तरी जात नाही, हे प्रेक्षकांतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. कपाळावरची जखम वेगळी रंगवायची गरज उरणार नाही.

भाषेचं थोडक्यात. तुझा सालदार आणि आजी अहिराणीत विनोद करतात, सर आणि मुलगा प्रमाण मराठीत रडतात. ही वाटणी मला अजिबात पटत नाही. त्यात यावलच्या गावात अहिराणी आलीच कुठून? तिथे लेवा गणबोली ऐकू येईल, तावडी ऐकू येईल, डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांत तडवींची बोली. अमळनेर-धुळ्याची बोली रावेरच्या तोंडी घातलीस तर तुझी आजीच पहिली हसेल. सर शाळेत एक बोलतात, घरात दुसरं. फोन कट झाल्यावर ते कोणतं बोलतील, तिथून सुरुवात कर.

शेवटच्या स्वगतात 'तुमच्यातही एक अश्वत्थामा आहे' असं तो प्रेक्षकांकडे बोट दाखवून म्हणतो. ते काढ. आपल्या मुलखाने या माणसाचं काय केलंय ते तर बघ. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे, दिवाळीत आदिवासी पोरांचे जथे तो चढून जातात. तिथला अस्तंबा ऋषी म्हणजे हाच. तो जखमेसाठी तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं सांगतात. बऱ्हाणपूरजवळ असीरगडावर तोच महादेवाला फूल वाहून जातो म्हणतात. महाभारतात त्याला ३००० वर्षांचा शाप आहे: एकटं भटकायचं, कुणी बोलायचं नाही. इथल्या लोकांनी त्याला माफ केल्याचं कुठे ऐकिवात नाही, पण तेल मागायला तो आपल्याच दारी येतो. तुझ्या आधी हे रूपांतर या डोंगरांत होऊन गेलंय, आणि ते तुझ्यापेक्षा धीट आहे. त्यात तो एकदाही खुलासा देत नाही. तुझ्या शेवटात त्याला काहीतरी मागू दे, आणि समोर ती बाग ज्याची होती त्याच्या घरातली बाई असू दे. ती देते की नाही, हे तालमीत ठरेल, कागदावर ठरवू नकोस.

नवा खर्डा झाला की पाठव. मुख्याध्यापकांचं काम कोण करणार तेही कळव. भारदस्त आवाजाचा मुलगा घेऊ नकोस. ज्याचं आडनाव तिसऱ्या रांगेतही ऐकू येणार नाही, असा कुणीतरी हवा.

तुझा,
सर