संघाच्या पुनर्बांधणीत चाहत्याने किती वाट पाहावी?

प्रश्न : माझा आवडता फुटबॉल संघ चार हंगामांपासून ‘पुनर्बांधणी’च करीत आहे. हा माझा संयम आहे की स्वतःचीच फसवणूक?

उत्तर : गुणतक्ता याचे उत्तर फार उशिरा देतो. मिकेल आर्टेटा डिसेंबर 2019 मध्ये आर्सेनल या इंग्लंडमधील क्लबचे प्रशिक्षक झाले, संघ सलग दोन हंगाम आठवा आला आणि 2021-22 च्या पहिल्या तीन सामन्यांत एकही गोल न करता नऊ गोल खाऊन थेट तळाशी गेला. मात्र त्याच उन्हाळ्यात घेतलेले सहाही खेळाडू तेवीस वर्षांचे किंवा त्याहून लहान होते, म्हणजे दिशा ठरलेली होती. पुढच्याच हंगामात, 2022-23 मध्ये, संघ दुसरा आला. म्हणून आपल्या संघाची दिशा जोखायला हरलेल्या सामन्यातही गोलरक्षकाकडे चेंडू आल्यावर बचावपटू ठरलेल्या जागा घेतात की तो नाइलाजाने लांब टोलवतो, हे पाहावे.

प्रशिक्षक दरवर्षी बदलत असेल, तर मात्र ती पुनर्बांधणी नव्हे (व्यवस्थापनाला हा शब्द फार सोयीचा वाटतो, हे खरे). प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला वेगळ्या धाटणीचे खेळाडू हवे असतात, जुन्यांचे करार मात्र संपलेले नसतात आणि त्यांच्या पगारात पैसा अडकून पडतो. आपल्या संघात चार वर्षांत किती प्रशिक्षक झाले, हे आपण लिहिलेले नाही. एकच असेल तर आणखी एक हंगाम थांबावे, तीन असतील तर आपली चीड रास्त आहे.