नाल्याकाठची जमीन आणि जड धातू : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

बेळगाव शहराला लागून असलेल्या शिवारांतून अलीकडे एकाच विषयावर प्रश्न येताहेत. नाल्याचं पाणी, त्यातले जड धातू आणि आपलं पीक. त्यातल्या काहींची उत्तरं इथे देतो.

वडगावच्या एका ताईंनी लिहिलंय : "नाल्याच्या पाण्यावर दहा वर्षं पालक, मेथी घेते. खत कमी लागतं, पानं हिरवीगार येतात. मुलगा म्हणतो यात विष आहे. मग पीक एवढं चांगलं कसं येतं?"

ताई, पीक चांगलं येतं ते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदामुळे. त्याच पाण्यातून शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियमही शेतात येऊ शकतं. जुन्या बॅटऱ्या, रंग, प्लेटिंग आणि धातूकामाची दुकानं, गॅरेज, सगळ्यांचं धुवण शेवटी गटारातच जातं. या धातूंना वास नाही, चव नाही. कॅडमियममुळे पान पिवळं पडायला लागेल त्याच्या कितीतरी आधी ते खाणाऱ्याला बाधेल इतकं पानात साठलेलं असतं. म्हणून पिकाच्या तजेल्यावरून काहीच ठरवू नका.

यातल्या शिसं आणि कॅडमियम या दोन धातूंची चाल वेगळी आहे, ती समजून घ्या. शिसं मुळांतून फारसं वर चढत नाही. ते पानावर बसलेल्या धुळीतून आणि चिखलाच्या शिंतोड्यांतून ताटात येतं, त्यामुळे भाजी तीन पाण्यांनी धुण्याचा तिथे खरोखर उपयोग होतो. कॅडमियम मात्र मुळातून पानाच्या आत जातं, ते धुऊन निघत नाही. शिशाचा पहिला घाव लहान मुलांच्या मेंदूवर बसतो. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि साठलेल्यातलं निम्मं बाहेर पडायला 10 ते 30 वर्षं लागतात. जपानच्या जिन्झू नदीकाठी खाणीचं पाणी भातशेतीत जाऊन लोकांची हाडं ठिसूळ झाली. तो आजार कॅडमियमचा, हे तिथल्या सरकारने 1968 साली मान्य केलं.

तपासणी होईपर्यंत त्या वाफ्यांत पालेभाजी, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट घेऊ नका, ही माझी विनंती आहे. पानं आणि मुळं धातू जास्त धरतात. वांगी, भेंडी, टोमॅटो, शेंगवर्गीय भाज्यांच्या फळात ते कमी उतरतात. झेंडू, शेवंती, निशिगंध घेतलात तर खाण्याचा प्रश्नच येत नाही. पालेभाजी बंद केली की रोजचा पैसा थांबतो, हे मला ठाऊक आहे. पण ही भाजी आपल्याच घरातली आणि बाजारातली मुलं खातात, म्हणून एवढं आग्रहाने सांगतोय.

हलग्याचे एक काका विचारतात : "माझ्या मण्णु आरोग्य चीटीत (माती आरोग्य पत्रिकेत) सगळं ठीक आहे. मग भीती कसली?"

काका, कन्नडमध्ये छापलेलं ते कार्ड पुन्हा एकदा नीट बघा. त्यात 12 गोष्टी असतात : सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आंबटपणाचं माप), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल त्यात नाहीत. ती तपासणी मुद्दाम मागून करून घ्यावी लागते. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात "जड धातूंची तपासणी" असं स्पष्ट सांगा आणि नमुना कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायचा ते विचारून घ्या.

नमुना घेताना हमखास होणारी चूक म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा पत्र्याचं घमेलं वापरणं. तेवढ्यानेच अहवालात जस्त वाढून येतं. लाकडी काठी किंवा प्लास्टिकची खुरपी घ्या. इंग्रजी व्हीसारखा वीतभर खोल खड्डा करा आणि त्याच्या बाजूची माती वरून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा. नाल्याला लागून, मध्यावर आणि लांबच्या बांधाशी अशा तीन पट्ट्यांतले नमुने वेगळे ठेवा, एकत्र कालवू नका. माती सावलीत वाळवून प्रत्येकी अर्धा किलो पिशवीत भरा.

अहवाल आला की किलोमागे कॅडमियम 3 मिलिग्रॅम, शिसं 250, निकेल 75 यांच्या पुढे आकडा आहे का बघा. आपली तांबडी माती आंबट असेल, तर याहून कमी कॅडमियमही भाजीत चढतं. म्हणून भाजीचा नमुनाही द्या. पालेभाजीत किलोमागे कॅडमियम 0.2 आणि शिसं 0.3 मिलिग्रॅमच्या आत हवं.

येळ्ळूर आणि शहापूर शिवारातल्या बासमती उत्पादकांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी नाल्याचं पाणी घेतलेलं नाही, ते पुरात आपसूक आलं. बळ्ळारी नाला फुगला की भात बुडतं, आणि पाणी ओसरल्यावर बांधाच्या आत काळा, तेलकट गाळ बसलेला दिसतो. दोन-चार उन्हांत त्याचे पापुद्रे सुटतात. धातू याच बारीक गाळाला चिकटून येतात. नांगर घालण्याआधी हा थर फावड्याने ओढून काढा. एकदा तो मातीत मिसळला की काढता येत नाही. काढलेला गाळ उकिरड्यात, परसात किंवा विहिरीजवळ टाकू नका.

भाताला कॅडमियमपासून राखायचं तर लोंबी बाहेर पडल्यावर तीनेक आठवडे शेत कोरडं पडू देऊ नका. पाणी उभं असलं की कॅडमियम मातीत बांधलं जातं, शेत लवकर सुकवलं की सुटून दाण्यात जातं. पाणी अर्थातच विहिरीचं, नाल्याचं नव्हे. आर्सेनिकचं याच्या उलट आहे, उभ्या पाण्यात ते वाढतं. अहवालात आर्सेनिक आलं असेल तर आधी येऊन भेटा.

माती आंबट असेल तर चुना द्या आणि सामू 6.5 ते 7 पर्यंत आणा. किती चुना लागेल ते तपासणीवरून ठरतं, शेजाऱ्याने टाकला तेवढा आपणही टाकू नका. गोकाक, अथणीकडच्या काळ्या जमिनीत सामू मुळातच जास्त, तिथे चुना नको. कुजलेलं शेणखत दोन्हीकडे चालतं. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेताना मात्र तपासणीचा दाखला मागा. 1985 च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात किलोमागे शिसं 100, क्रोमियम 50 आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमच्या वर नसावं.

निपाणीच्या तंबाखू उत्पादकांसाठी एवढंच, तंबाखूचं पान कॅडमियम जोरात ओढतं, तेव्हा नाल्याचं पाणी त्याला अजिबात देऊ नका.

एका तरुण शेतकऱ्याने मोबाइलवर पाहिलं की मोहरी लावली की जमीन साफ होते. मोहरी धातू ओढते हे खरं, पण एका पिकात फार थोडे. काम वर्षानुवर्षं चालतं, आणि कापलेला पाला जनावरांना घातला किंवा शेतातच कुजवला तर सगळं परत तिथेच. माती उचलून टाकायची म्हटलं तर एकरात वरच्या वीतभर थराचं वजन 800 टनांच्या आसपास भरतं. तीन टनांची ट्रॉली धरली तरी अडीचशेच्या वर खेपा होतात. तेव्हा आधी शेतात येणारं नाल्याचं पाणी तोडा. नाल्यालगत बोअर असेल तर त्याचंही पाणी तपासा.

भाताची कापणी झाली की रान मोकळं असतं, नमुने तेव्हाच घ्या. पिशवीवर सर्व्हे नंबर, नाल्यापासूनचं अंतर आणि आधीचं पीक लिहायला विसरू नका.