घर सासूच्या नावावर, मग तक्रार करून जाऊ कुठं?

मारहाणीची हकिगत सांगून झाली की बायका बहुतेक वेळा हाच प्रश्न विचारतात. सुनंदानेही तोच विचारला. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) इचलकरंजीत सासर, लग्नाला ११ वर्षं, दोन मुलं. नवरा दारूला शिवत नाही, म्हणून माहेरचे म्हणायचे, “निर्व्यसनी आहे, घे सांभाळून.”

तिच्या पिशवीत दोन कागद होते. एक सरकारी दवाखान्याचा केसपेपर: ‘जिन्यावरून पडल्याने मनगटास मार.’ घर पत्र्याचं, बैठं, जिनाच नाही. तपासणीच्या वेळी सासू शेजारी उभी होती, मग खरं सांगणार कसं? अशा वेळी डॉक्टरांना “एकटीशी बोलायचंय” एवढं म्हणावं, कोणी आणि कशाने मारलं ते सांगावं आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे मारहाणीची वैद्यकीय-कायदेशीर) नोंद करून घ्यावी. जुना कागद मात्र फाडू नये. तो कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या अर्जाला जोडून खोटं का सांगावं लागलं ते दोन ओळींत लिहावं.

दुसरा कागद जास्त घातक. भावकीने आणलेला स्टॅम्पपेपर: ‘मी राजीखुशीने माहेरी जात आहे, माझी काही तक्रार नाही.’ सही व्हायची होती. ती करायची नाही, हे पहिल्याच भेटीत ठरलं.

आता घराचं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा; त्याच्या कलम १७ प्रमाणे बाईला सामायिक घरात, म्हणजे ज्या घरात ती नवऱ्यासोबत नांदली तिथे, राहण्याचा हक्क आहे, मालकी कोणाचीही असो. सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा खटल्यात स्पष्ट केलं. बाई काही दिवस माहेरी गेली म्हणून हा हक्क जात नाही. मात्र ही मालकी नव्हे, आणि हक्क कायमचाही नाही. परिस्थिती पाहून न्यायालय त्याऐवजी दुसरी जागा किंवा भाडं देण्याचा आदेश देऊ शकतं. सासूला घराबाहेर काढा असा आदेशही मिळत नाही. तशी मनाई कायद्यातच आहे. सुनेला बाहेर काढण्यासाठी सासरचे कधी ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे जातात. तेवढ्यावर सुनेचा हक्क आपोआप संपत नाही, तरी तिथे हजर राहून लेखी म्हणणं द्यावंच.

“पण नवऱ्याला आत टाकतील, मग खायचं काय?” हा तिचा पुढचा प्रश्न. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या या अर्जावर लगेच अटक होत नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवणं ही वेगळी वाट. संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे झालेल्या हिंसेची नोंद, भरायचा, तो दंडाधिकाऱ्यांकडे जातो. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो; बाईला उत्पन्नाची अट नाही. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात महिने जातात, म्हणून अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात हवी.

सगळ्यात जपायचे दिवस न्यायालयाची नोटीस घरी पोहोचते तेव्हाचे. हात तेव्हाच जास्त उठतो. सुनंदाने त्याआधी रेशनकार्ड, आधार, पासबुक, मुलांचे दाखले आणि दागिन्यांच्या पावत्या शेजारणीकडे ठेवल्या, मुलं मावशीकडे पाठवली. ११२ (पोलीस मदत) आणि १८१ (महिला मदत) हे नंबर मोठ्या मुलाकडून पाठ करून घेतले. या काळात नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समजूत घालणं टाळावं. नवऱ्यासमोर ती खरं बोलत नाही, आणि बोललीच तर रात्री घरी त्याची किंमत मोजते.

तिचा अर्ज एकदा पुन्हा लिहावा लागला. आधी नुसतं ‘घरात राहू द्यावे’ होतं. तेवढाच आदेश मिळाला तर स्वयंपाकघराला कुलूप लागतं, नाहीतर वीज तोडली जाते. मग खोली, चूल, नळ, संडास, वीज असं एकेक नाव घालून लिहिलं. शेवटी आदेशाच्या अंमलबजावणीला पोलीस ठाण्याने मदत करावी, ही मागणी जोडली.