पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) नवीन जॉइन होताय? आधी कोण कुणाच्या हाताखाली ते समजून घ्या

अभिनंदन डॉक्टर, कोकणात येताय ते छानच, पण पहिल्या आठवड्यात एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे तुमचा साहेब कोण. तुमची नेमणूक राज्य शासनाची असली तरी पीएचसी चालते जिल्हा परिषदेकडून, म्हणजे वर तालुका आरोग्य अधिकारी, मग डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) आणि त्यांच्यावर झेडपीचे सीईओ. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय मात्र सिव्हिल सर्जनकडे (जिल्हा शल्यचिकित्सकांकडे), ती झेडपीची नाहीत, त्यामुळे पेशंट रेफर करायचा तर तिथल्या माणसांशी ओळख तुम्हालाच करावी लागते, ऑर्डर काढून होत नाही ते. पावसात लेप्टो (उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप), सर्पदंश सुरू झाले की ही ओळख खरंच जीव वाचवते, म्हणून जूनच्या आधीच जाऊन भेटा. मेडिकल कॉलेज तर तिसऱ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षणाचं.

आरोग्य खात्याच्या बाजूने मात्र डीएचओ आणि सिव्हिल सर्जन दोघांच्या वर आरोग्य सेवा उपसंचालक. रत्नागिरी, सिंधुदुर्गचं ऑफिस कोल्हापूरला, रायगडचं ठाण्याला, सर्व्हिसच्या फाइली तिकडूनच पुढे सरकतात त्यामुळे प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा. एनएचएमचा (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा) स्टाफ कंत्राटी असतो, त्यांचा पगार आणि मुदतवाढ वेगळ्या वाटेने येते, तेव्हा उशीर झाला तर त्यांच्यावर चिडू नका, पाठपुरावा करा त्यांच्यासाठी.

आणि रुग्ण कल्याण समितीची मीटिंग वेळेवर घ्या, छोट्या दुरुस्त्या, तातडीची औषधं समितीच्या निधीतूनच निभावतात.