एमपी-४०ला मशीनगन म्हणावे का?

प्रश्न असा आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी : वर्ल्ड ॲट वॉर' या दुसऱ्या महायुद्धावरील व्हिडिओ गेमचे मराठीतून धावते वर्णन करणाऱ्या एका मित्राने त्यातल्या सगळ्याच हत्यारांना 'बंदूक' म्हटले. ऐकणाऱ्यांपैकी एकाने एमपी-४० या जर्मन हत्याराला तरी 'मशीनगन' म्हणा, असे सुचवले. दुसऱ्याने मशीनगनऐवजी 'यंत्रबंदूक' म्हणा, असा आग्रह धरला. यांपैकी ग्राह्य काय, आणि कधीही अस्तित्वात नसलेल्या 'रे गन' व 'वुंडरवाफे डीजी-२' या हत्यारांना मराठीत काय म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे.

एमपी-४०ला बंदूक म्हटले तर ते ढोबळ ठरेल, चूक ठरणार नाही. मशीनगन म्हटले तर मात्र ती चूकच होईल. मराठीत रूढ होऊ शकेल असा नेमका शब्द 'सबमशीनगन' हाच आहे.

'बंदूक' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. व्यापक अर्थाने गोळी झाडणारे कोणतेही हातातले हत्यार म्हणजे बंदूक, आणि 'बंदूकधारी' हा वर्तमानपत्री शब्द याच अर्थावर उभा आहे. संकुचित अर्थाने बंदूक म्हणजे लांब नळीचे, दस्ता खांद्याला टेकवून दोन्ही हातांनी चालवायचे हत्यार, आणि त्यातही बहुधा शिकारीची किंवा शेतराखणीची बारा बोअर. सैनिकाच्या खांद्यावर असते ती रायफल, फौजदाराच्या कमरेला असते ते पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर, हा भेद गावातला माणूसही सहज पाळतो. याशिवाय पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या कागदांत 'अग्निशस्त्र' असा आणखी एक शब्द भेटतो. तो कायद्याच्या भाषेत शोभतो, खेळाच्या वर्णनात मात्र जड होतो.

आता 'यंत्रबंदुकी'चा आग्रह. स्वभाषेवरच्या प्रेमातून तो येतो, म्हणून त्याला उत्तरही आदराने दिले पाहिजे. या सामासिक शब्दातला 'यंत्र' संस्कृत आहे. 'बंदूक' मात्र अरबी 'बुंदुक' या शब्दावरून आलेली आहे. त्याचा मूळ अर्थ टणक कवचाचे एक लहान गोल फळ, आणि त्यावरून पुढे गोळी. तोफ तुर्कीतून आली. पिस्तूल आणि काडतूस पोर्तुगिजांकडून आले. 'फैर' हा आज अस्सल मराठी वाटणारा शब्ददेखील इंग्रजी 'फायर'चेच मराठी रूप आहे. दारूगोळ्याच्या बाबतीत मराठीने ज्याच्याकडून हत्यार घेतले त्याच्याकडूनच शब्द घेतला आणि स्वतःच्या वळणाने उच्चारला. मशीनगन, स्टेनगन, रायफल हे शब्द त्याच वाटेने आले आणि स्थिरावले. लोकांच्या तोंडी आधीच बसलेला शब्द उठवून तिथे नवा बसवायचा असेल, तर नव्याने काही अधिक सांगितले पाहिजे. 'यंत्रबंदूक' अधिक काही सांगत नाही, कारण यंत्र तर प्रत्येक बंदुकीत असते.

मग मशीनगन आणि सबमशीनगन यांत फरक कोणता? तो मुख्यतः काडतुसाचा आहे. मशीनगन रायफलचे मोठे, पूर्ण ताकदीचे काडतूस वापरते. ती बहुधा तिवईवर किंवा दोन पायांवर टेकवून चालवतात, आणि तिला बऱ्याचदा काडतुसांची माळ पुरवावी लागते. या गेममधली जर्मन एमजी-४२ ही तिचा उत्तम नमुना आहे. प्रत्यक्षातली एमजी-४२ मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्यांच्या वेगाने चालत असे. उलट सबमशीनगन पिस्तुलाचे लहान काडतूस वापरते आणि एकटा माणूस ती हातात धरून धावत धावत चालवू शकतो. एमपी-४०मध्ये नऊ मिलिमीटरचे पिस्तुली काडतूस आणि ३२ गोळ्यांचे मॅगझिन असे. तिचा वेग मिनिटाला ५०० गोळ्यांच्या आसपास होता, म्हणजे एमजी-४२च्या निम्म्याहूनही कमी.

हत्यार ज्या देशाचे, त्या देशाने दिलेले नाव पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. 'एमपी' म्हणजे 'माशिनेनपिस्टोले'. जर्मनांनी पिस्तुलाकडून सुरुवात केली आणि त्याला यंत्रवेग दिला. अमेरिकन जॉन थॉम्पसनने आपल्या हत्याराला 'सबमशीनगन' म्हटले; म्हणजे मशीनगनकडून सुरुवात करून एक पायरी खाली आणले. रशियनांनी 'पिस्तोलेत-पुलेम्योत' असे दोन्ही जोडले. गेममधल्या पीपीएसएच-४१ या नावातली पहिली दोन अक्षरे तीच आहेत, उरलेली श्पागिन या रचनाकाराच्या नावाची. 'पुलेम्योत' म्हणजे मशीनगन, शब्दशः गोळ्या फेकणारा. तीन सैन्यांनी तीन बाजूंनी एकाच हत्याराला नाव दिले आणि तिघांनाही निव्वळ 'मशीनगन' म्हणणे पुरेसे वाटले नाही. मराठीने त्यांतले इंग्रजी नाव उचलले, कारण हे हत्यार मराठी माणसाच्या हाती ब्रिटिश हिंदी सैन्यातून आले.

हा भेद किती मोलाचा आहे, हे एका मराठी सैनिकाच्या पराक्रमावरून दिसते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले बाकी सगळे जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर चालून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. मग आपल्या टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलण्याइतकाही अवधी उरला नव्हता, म्हणून त्यांनी तीच टॉमीगन नळीकडून धरली आणि तिचे घाव घालून उरलेल्या दोघांना ठार केले. पुढे शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते स्वतः पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टॉमीगन म्हणजे थॉम्पसन सबमशीनगन, या गेममध्ये अमेरिकन सैनिकाच्या हाती असते तीच. आता हा प्रसंग लिहिताना कोणी दोन्ही हत्यारांना 'मशीनगन' म्हणाला, तर काय होईल? शत्रूचे जड, टेकवून ठेवलेले हत्यार आणि घाडग्यांनी लाठीसारखे उचलून फिरवलेले हत्यार एकच ठरतील आणि त्या धाडसाचे माप वाचकाला लागणारच नाही.

एसटीजी-४४ या गेममधल्या आणखी एका जर्मन हत्याराचे प्रकरण याहून नाजूक आहे. हिटलरने नव्या रायफलीच्या प्रकल्पाला विरोध केल्यामुळे हे हत्यार आधी 'एमपी-४३', मग 'एमपी-४४' अशा नावांनी, जणू जुन्या सबमशीनगनचीच सुधारित आवृत्ती असल्यासारखे पुढे रेटले गेले. १९४४मध्ये त्याला 'श्टुर्मगेवेअर' हे नाव मिळाले. इंग्रजीतला 'असॉल्ट रायफल' हा शब्द त्याच जर्मन नावाचे भाषांतर आहे. 'श्टुर्म' म्हणजे वादळ, तसाच शत्रूच्या ठाण्यावरचा तडाखेबंद हल्ला. मराठीत याला 'एल्गार' आहे, आणि किल्ल्यावर सर्व बाजूंनी एकदम चढाई करण्याला बखरींचा 'सुलतानढवा' आहे. हे दोन्ही शब्द अतिशय भरदार आहेत आणि नावाचा अर्थ समजावताना ते जरूर वापरावेत. हत्याराचे नाव म्हणून मात्र 'असॉल्ट रायफल'च ठेवावे. एके-४७च्या बातम्यांमुळे तो शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला आहे, आणि 'एल्गार रायफल' म्हटले तर ते एखाद्या पलटणीचे नाव वाटेल. गेममध्ये एसटीजी-४४ सबमशीनगनांच्या नव्हे, तर रायफलींच्या गटात ठेवली आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. तिचे काडतूस रायफलच्याच व्यासाचे आहे, फक्त आखूड केलेले.

'रायफल' या शब्दातच नळीतल्या खाचा आहेत. नळीच्या आतून कोरलेल्या मळसूत्री खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. आज पिस्तुलालाही या खाचा असतात, त्यामुळे केवळ खाचांवरून भेद करता येत नाही. पण शॉटगनला त्या बहुधा नसतात, आणि शॉटगनला रायफल म्हणू नये ते यासाठीच. इथे मराठीकडे एक नेमका शब्द तयार आहे. गेममधली दोन नळ्यांची शॉटगन म्हणजे आपली 'दुनळी'. तिच्यासाठी दुसरा शब्द शोधूच नये. एकनळी एम-१८९७ ट्रेंच गनला मात्र 'छऱ्याची बंदूक' म्हणण्याचा मोह टाळावा. त्या शब्दाने हल्ली जत्रेतले फुगे फोडण्याची एअरगन डोळ्यांपुढे येते.

ही ट्रेंच गन, एम-१९११ पिस्तूल, बीएआर (ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल) आणि एम-१९१९ मशीनगन या चारही हत्यारांमागे जॉन ब्राउनिंग या एकाच अमेरिकन रचनाकाराचे डोके आहे. त्यामुळे नुसते 'ब्राउनिंग' म्हटल्याने कोणते हत्यार ते कळत नाही. पुढे पिस्तूल, मशीनगन असा जातिवाचक शब्द हवाच. मराठीला हे नाव फार पूर्वीपासून ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून, आणि क्रांतिकारकांवरील मराठी लेखनात 'ब्राउनिंग पिस्तूल' असा जोडशब्दच रूढ आहे.

क्रियापदांकडेही लक्ष असावे. गोळी 'झाडतात', फैरी 'झाडतात', नेम 'धरतात', चाप 'ओढतात'. एम-१ गॅरंड रायफलमध्ये आठ काडतुसांची क्लिप वरून आत दाबतात, आणि आठवी गोळी सुटताच रिकामी क्लिप खणकन बाहेर उडते. गेममध्येही तो आवाज ऐकू येतो. या क्रियेला 'गोळ्या भरल्या' किंवा 'क्लिप भरली' म्हणावे. 'बंदूक ठासली' म्हणू नये, कारण ठासणे म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजाने दाबणे. सैन्यांतून ठासणीची बंदूक या लढाईच्या कितीतरी आधी हद्दपार झाली होती. तसेच 'क्लिप' आणि 'मॅगझिन' यांची अदलाबदल करू नये: मॅगझिनमध्ये गोळ्या साठतात आणि तिथून एकेक करून वर येतात, क्लिप काडतुसे फक्त एकत्र धरून ठेवते.

शुद्धलेखनात एकच गोष्ट वारंवार चुकलेली दिसते. बंदूक, पिस्तूल, काडतूस या शब्दांतला उपान्त्य ऊ दीर्घ आहे, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: बंदुकीने, पिस्तुलातून, काडतुसांचा. बंदूक, रायफल, मशीनगन या स्त्रीलिंगी आणि पिस्तूल नपुंसकलिंगी. म्हणून 'एमपी-४० रिकामी झाली', पण 'वाल्थर पी-३८ रिकामे झाले' असे लिहावे.

आता काल्पनिक हत्यारे. मेलेले सैनिक उठून चालून येतात त्या भागात ही दोन्ही हत्यारे भेटतात. 'रे गन' हे इंग्रजी ऐकणाऱ्याला तत्काळ कळणारे साधे नाव आहे, तेव्हा मराठीत 'किरणबंदूक' म्हणण्यास काहीच हरकत नाही. 'वुंडरवाफे'चे तसे नाही. तो मूळ इंग्रजी गेममध्येही मुद्दाम जर्मनच ठेवला आहे, आणि तो शब्द काल्पनिक नाही. युद्ध हातचे जाऊ लागले तेव्हा नाझी प्रचारयंत्रणा जर्मन जनतेला 'वुंडरवाफे'ची, म्हणजे युद्धाचे पारडे फिरवणाऱ्या अद्भुत अस्त्रांची आशा दाखवत होती, आणि १९४४मध्ये इंग्लंडवर सुटलेली व्ही-१ व व्ही-२ ही अस्त्रे त्याच प्रचाराचा भाग होती. गेमच्या कर्त्यांनी खरा प्रचारशब्द उचलून एका खोट्या हत्याराला चिकटवला. त्याचे 'चमत्कारी बंदूक' असे भाषांतर केले, तर हा इतिहास पुसला जाईल. म्हणून नाव 'वुंडरवाफे डीजी-२' असेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाला त्याचा अर्थ सांगावा.

अर्थ सांगताना 'अद्भुतास्त्र' म्हणावे, 'अद्भुतशस्त्र' नव्हे. हातात धरून वार करायचे ते शस्त्र, आणि सोडायचे किंवा फेकायचे ते अस्त्र, ही आपली जुनी वाटणी क्षेपणास्त्र आणि अण्वस्त्र या आजच्या शब्दांतही टिकून आहे. वुंडरवाफेतून गोळी निघत नाही. वीज निघते आणि ती एका देहातून दुसऱ्यात उडी घेत जाते. तेव्हा तिथे 'झाडली' हे क्रियापद बसत नाही. अस्त्र सोडतात, तशी वुंडरवाफेतून 'वीज सोडली' आणि किरणबंदुकीतून 'किरण सोडला' असे म्हणावे. मॅगझिन, चाप, नेम हे बाकीचे शब्द मात्र दोन्हींना तसेच चालतात. किरणबंदुकीच्या एका भरणीत २० वार असतात आणि ते संपले की तीही इतर बंदुकांसारखी पुन्हा भरावी लागते.