काका, दार सरकत नाही

मे संपत आला की माझ्या नावची पत्रं वाढतात. वर्षभर निम्मं उघडं राहिलेलं गॅलरीचं दार एका संध्याकाळी घाईघाईने ओढायची वेळ येते, आणि तेव्हा कळतं की ते बंदच होत नाही. ठाण्यात चौतीस वर्षं मी अ‍ॅल्युमिनियमची दारं-खिडक्या बसवली. आता वर्कशॉप मुलगा बघतो, मी पत्रं बघतो. या अंकात सगळी सरकत्या दारांचीच घेतली आहेत.

प्रश्न : काका, आमच्या हॉलला गॅलरीकडे सात फुटी स्लायडिंगचं दार आहे. काचेची दोन शटरं, म्हणजे सरकते पल्ले, आणि जाळीचं एक. फ्लॅट २०१२ चा. आता दार ओढायला दोन्ही हात लागतात. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांना उघडतच नाही. दर महिन्याला ट्रॅकमध्ये खोबरेल सोडतो, दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. कोपऱ्यावरचा फॅब्रिकेटर म्हणतो, फ्रेमसकट बदला. बदलावं का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. दोन शटरांचं दार बारा-तेरा वर्षांत फ्रेमसकट बाद झालेलं मी क्वचितच पाहिलंय, आणि त्या घरांत आधी पाण्याने किंवा अ‍ॅसिडने वाट लावलेली असायची.

पहिलं म्हणजे खोबरेल आजपासून बंद. पुण्याच्या थंडीत ते बाटलीत थिजतं, मग ट्रॅकमध्ये वेगळं काय होणार? उन्हाळ्यात पातळ होऊन धूळ धरतं, हिवाळ्यात तिचाच गोळा करतं. शिवाय तेल जायला हवं चाकाच्या आसापाशी, तुम्ही ओतताय रुळावर. रुळावर चाक फिरायला पाहिजे, घसरायला नाही. तेलाने घसरतं म्हणून दोन दिवस हलकं वाटतं, पण चाक जाम ते जामच.

आता साफसफाई. लगेच पाणी ओतू नका, चिखल होईल. आधी कोरडं उकरायचं: व्हॅक्यूम असेल तर तो, नाहीतर रंगाचा एक इंची ब्रश आणि फडकं गुंडाळलेला बारीक पेचकस. तेलाचा काळा थर राहील तो भांड्यांचं लिक्विड घातलेल्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने निघतो. मुलाने गेल्या दिवाळीत एका घरच्या ट्रॅकमधून काढलेला ऐवज सांगतो: रांगोळी, पीओपीचा चुरा, कबुतराची पिसं, तीन टिकल्या, पालीच्या अंड्यांची टरफलं आणि ल्युडोची एक हिरवी सोंगटी. सोंगटी मिळाल्यावर त्या घरातल्या पोराला दाराहून जास्त आनंद झाला.

एवढ्याने दार चाललं तर माझं पुढचं वाचू नका. नाही चाललं, तर शटर उतरवावं लागेल. यासाठी दोन माणसं हवीतच. हिशेब करून दाखवतो. १ चौरस मीटर काच जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. तीन फूट बाय सात फुटांचं शटर म्हणजे दोन चौरस मीटरला जरासं कमी. ५ मिलिमीटरची काच असेल तर नुसती काचच २४ किलोंच्या घरात, वर चौकट. म्हणजे भरलेला गॅस सिलिंडर उभाच्या उभा, तोही काचेचा. पायात चप्पल नको, बूट हवेत. पोरं आणि सासूबाई आतल्या खोलीत.

खोलीत उभं राहिलं की आपल्या सगळ्यात जवळचं शटर आधी निघतं. वरच्या ट्रॅकमध्ये शटर उचलू नये म्हणून एखादा प्लास्टिकचा ठोकळा स्क्रूने मारलेला असतो, तो आधी काढा. काही शटरांना खाली कडेला छोटं भोक असतं, त्यात पेचकस घालून बेअरिंग (आम्ही चाकाला बेअरिंगच म्हणतो) आत ओढून घेता येतं. मग दोघांनी शटर सरळ वर उचलायचं, खालची बाजू रुळावरून सुटली की ती आपल्याकडे घ्यायची आणि खाली उतरवायचं. सतरंजीवर आडवं ठेवा, उघड्या फरशीवर नको.

शटर उलटं केलं की दोन टोकांना दोन बेअरिंगं दिसतील. बोटाने फिरवून बघा. माझा अंदाज, एक फिरेल आणि एक फिरणार नाही. न फिरणाऱ्यावर केस गुंडाळलेले असतील, संक्रांतीतला मांजाही निघतो. ते ब्लेडने कापून काढा. चाकाला एका जागी सपाट घासलेली खूण असेल तर मात्र ते गेलं. जाम चाक फरफटत राहिलं की असं सपाट होतं, आणि मग साफ करूनही ठक-ठक करत चालतं. बदलायचं असेल तर दोन्ही बदला. दुकानात नुसतं 'स्लायडिंगचं बेअरिंग द्या' म्हणू नका, जुनं खिशात घालून न्या. उंचीत दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी शटर एका बाजूला कलतं आणि कडी लागत नाही.

परत बसवण्याआधी रुळावरून नख फिरवा. खाच लागली, तर जुन्या रुळावर चढवायची स्टीलची पट्टी मिळते, ती बसवून घ्या. नवं दार घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात हे होतं. कोपऱ्यावरच्याला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. आसावर सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा, बस्स. यूट्यूबवर हे सगळं पंधरा मिनिटांत होतं, तुम्ही रविवारची दुपार धरा.

प्रश्न : आमचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. दाराच्या चौकटीवर, विशेषतः स्क्रूभोवती, पांढरी पूड येते. बेअरिंग वर्षभरही टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही म्हणून तर लाकूड काढून हे बसवलं होतं.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही एवढंच खरं. ती पांढरी पूड म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचाच गंज. आणि ती स्क्रूभोवतीच का, यातच तुमचं उत्तर आहे. साध्या लोखंडी स्क्रूवरचा पातळ मुलामा खाऱ्या हवेत वर्ष-दोन वर्षांत जातो. मग दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये खारट ओल बसते आणि त्यांची बारकीशी बॅटरी तयार होते. त्या जोडीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

म्हणून साधे स्क्रू काढून स्टेनलेसचे घाला, एकेक करून, सगळे एकदम नको. ग्रेड ३०४ मागा. अगदी किनाऱ्यावर ३१६ मिळालं तर उत्तम. दुकानदार चुंबक लावून 'बघा, चिकटत नाही' म्हणेल. त्याने काही सिद्ध होत नाही, स्वस्तातलं २०२ देखील चिकटत नाही, आणि ते खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. बेअरिंग घेताना नायलॉनचं चाक आणि स्टेनलेसचा आस असं बघा, तुमची वर्षभरात जातात त्यांचा आस बहुधा लोखंडी आहे.

बाकी उपाय फुकट आहे. पंधरा दिवसांतून एकदा गोड्या पाण्याने चौकट आणि ट्रॅक धुऊन पुसायचा. पावसाळ्यात पाऊस स्वतःच धुतो, ऑक्टोबर ते मे तुम्ही धुवा. गाडी धुता ना, तसंच.

आणि एक, विचारलं नाहीत तरी सांगतो. घरात फरशीचं काम झालं की गवंडी शेवटी अ‍ॅसिडने फरशी धुतात. तेव्हा दाराचा ट्रॅक प्लास्टिक आणि चिकटपट्टीने झाकायला लावा. अ‍ॅसिडने अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर, उडतं आणि मग कशानेही परत येत नाही. ओलं सिमेंटही तसंच, वाळायच्या आत पुसा.

प्रश्न : नवव्या मजल्यावर राहतो. गेली दोन वर्षं जोराचा पाऊस आला की सरकत्या दाराच्या खालून पाणी हॉलमध्ये येतं. रंगाऱ्याकडून बाहेरून सगळीकडे सिलिकॉन मारून घेतलं, तरी येतंच, उलट वाढलं. २०२३ ला गॅलरीत जुन्या टाइलवर नवी टाइल बसवली तेव्हाही दाराला हात लावला नव्हता. मग बिघडलं काय?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : 'उलट वाढलं' आणि 'टाइलवर टाइल', या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात. मी तिथेच थांबलो.

सरकत्या दाराच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच. ते अडवायचं नसतं, बाहेर काढायचं असतं. त्यासाठी खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला लांबट भोकं असतात. ती बुजली की ट्रॅकची पन्हळ होते. भरली की पाणी आतल्या काठावरून हॉलमध्ये येतं. नवव्या मजल्यावर वारा ते आत ढकलतो, म्हणून खालच्या मजल्यांपेक्षा तुम्हाला त्रास जास्त.

रंगाऱ्याने बहुतेक ती भोकंच बंद केली आहेत. त्याला हसू नका. १९९४ च्या पावसात मी स्वतः हेच केलं होतं. सातव्या मजल्यावरचं घर, बाई म्हणाल्या खालून वारा येतो, मी शहाणपणाने भोकं सिलिकॉनने भरून दिली. आठ दिवसांनी त्यांचा फोन दुकानाशेजारच्या पानवाल्याकडे आला. जाऊन बघतो तर गालिचा ओला, सोफ्याचे पाय विटांवर, आणि बाई काहीच बोलेनात. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर भोकांना मी सिलिकॉन दाखवलंही नाही.

आज हे करा: ट्रॅकमध्ये एक तांब्या पाणी ओता आणि बाहेर जाऊन बघा. मिनिटाभरात बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर कटरने भोकांवरचं सिलिकॉन काढा, तारेने आतला गाळ मोकळा करा, पुन्हा तांब्या ओता.

आता टाइल. नवा थर आणि खालचा मसाला मिळून गॅलरी इंच-दीड इंच वर आली असणार. भोकं त्या पातळीच्या खाली गेली असतील तर ती उघडूनही उपयोग नाही, गॅलरीतलंच पाणी त्यातून आत येईल. दारालगतच्या टाइलची एक ओळ काढून तिथे पाणी वाहून जायच्या नळाकडे उताराची चर करून घ्या. काम गवंड्याचं आहे, माझ्या धंद्याचं नाही, पण पाऊस लागायच्या आत करून घ्या.

चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात मात्र सिलिकॉन हवं. जुनं पूर्ण खरवडून काढा, जुन्यावर नवं चिकटत नाही. न्यूट्रल मागा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिमेंटच्या आणि संगमरवराच्या कडेला नको. भिंत कोरडी हवी. आणि त्यावर रंग बसत नाही, म्हणून रंगाऱ्याच्या नंतर लावा.

प्रश्न : आमच्या पॅटिओ डोअरच्या (अंगणाकडच्या सरकत्या दाराच्या) दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. आतून पुसलं, बाहेरून पुसलं, जात नाही. बाबा म्हणाले तुम्हाला विचारून बघ.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : बाबांना नमस्कार सांग. पुसून जाणार नाही, कारण ओल दोन काचांच्या मधे आहे. त्या काचा कडेने हवाबंद केलेल्या असतात, मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात. कडेचं सील गेलं की दमट हवा आत जाते, दाणे भरतात आणि धुकं दिसतं. भोक पाडून वाळवून देणारे लोक आहेत, पण फुटलेलं सील त्याने जुळत नाही. दार बदलू नकोस, फक्त काचेचा जोड बदलून मिळतो. आधी वॉरंटीचे कागद काढ, तिकडे काचेवर बऱ्याचदा लांब मुदतीची असते.

लेकीकडे गेलो होतो तेव्हा तिथली दारं मीही उघडून बघितली, सवय जात नाही. शटरच्या कडेला खाली प्लास्टिकचं बूच असतं. ते काढून आतला स्क्रू फिरवला की शटर वर-खाली होतं. जावई म्हणाला, बाबा, तुम्ही सुट्टीवर आहात.

प्रश्न : जुन्या दाराची टफन काच पडून आहे. कापून स्वयंपाकघराच्या खिडकीला लावता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. टफन काच आधी मापात कापतात, मग ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात. नंतर तिला कटर लावला की अख्खी काच साखरेच्या खड्यांसारखी होऊन पायाशी पडते. कोपऱ्यातला बारीक शिक्का बघा. शिक्का असेल तर ती काच आहे त्याच मापात कुठे बसते ते शोधा. आणि तोवर भिंतीला टेकवून ठेवलीय तिथे खाली लाकडाची पट्टी घाला, फरशीवर कड आपटली तरी तेच होईल.